वेब अ‍ॅपमधलं अ‍ॅनिमेशन : कुठं, किती आणि कशासाठी

मोंढ्यातल्या आडतीवर मुनीम सोयाबीनच्या ४० कट्ट्यांची नोंद भरतो आणि ‘जतन करा’ दाबतो. पडद्यावर काहीच हललं नाही तर तो पुन्हा दाबतो, आणि एकाच मालाच्या दोन हिशेबपट्ट्या निघतात. तेच बटण बोट टेकताच किंचित दबलं, त्यावर छोटं चक्र फिरलं आणि नवी ओळ यादीत वरून सरकत येऊन बसली, तर नोंद झाल्याचं त्याला वेगळं सांगावं लागत नाही. अ‍ॅनिमेशनचं पहिलं काम हेच. (दुहेरी नोंद अडवण्याची खरी जबाबदारी सर्व्हरची आहे. तो बंदोबस्त आम्ही अ‍ॅप बनवणारे वेगळा करतोच.)

लायब्ररी कधी लागते

बटणाचा रंग बदलणं, मेनू उघडणं, खूण उमटणं एवढंच हवं असेल तर साधं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) पुरतं. त्यासाठी लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, ओझं घेऊ नका. एकामागून एक चार-पाच हालचाली ठरल्या क्रमानं व्हायच्या असतील, त्या मध्येच थांबवायच्या किंवा उलट फिरवायच्या असतील, किंवा पान सरकेल तसं चित्र सरकायला हवं असेल, तेव्हा मात्र स्क्रिप्ट लायब्ररी लागते. आम्ही बहुतेक कामांत जीसॅप वापरतो. २०२५ पासून तिचे सगळे प्लगइन (वरून जोडायचे भाग) व्यावसायिक कामालाही मोफत आहेत. आधी त्यांतल्या काहींसाठी सभासदत्वाचे पैसे भरावे लागत. डिझायनरनं आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं हलतं चित्र जसंच्या तसं दाखवायचं असेल तर लॉटी ही लायब्ररी. पण तिचा प्लेअर जीसॅपच्या गाभ्यापेक्षा बराच जड आहे, म्हणून एका हिरव्या खुणेसाठी लॉटी जोडायचा सल्ला आम्ही देत नाही.

का अडखळतं

हालचाल गुळगुळीत दिसायची तर पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटावी लागतात. म्हणजे एका चित्रासाठी ब्राउझरला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की चित्र गळतं आणि हालचाल धक्के खाते.

पंगतीत मधला एक पाट रुंद केला की पुढचे सगळे पाट सरकवावे लागतात. पानावरच्या घटकाची रुंदी, उंची किंवा वरून-डावीकडून असलेलं अंतर बदललं की ब्राउझरचंही तसंच होतं : मांडणी नव्यानं मोजा, मग पुन्हा रंगवा. ट्रान्सफॉर्म (जागा, आकार, कोन) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) या दोन गुणधर्मांना हा खटाटोप लागत नाही, ते काम बहुतेक वेळा ग्राफिक्स चिपवर परस्पर होतं. म्हणून सरकवणं, लहान-मोठं करणं, फिरवणं आणि विरवणं एवढ्यावरच आम्ही भागवतो. मोठी सावली किंवा धूसरपणा हलता ठेवत नाही, कारण तो प्रत्येक चित्राला नव्यानं रंगवावा लागतो. विल-चेंज (हा घटक हलणार आहे, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) सगळीकडे लावून वेग वाढत नाही. उलट मेमरी खर्च होते.

तपासणी ऑफिसच्या लॅपटॉपवर करून उपयोग नाही. तुमचा वापरकर्ता ३-४ जीबी रॅमच्या मोबाइलवर आहे. मे महिन्यात परभणीत पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा उन्हात तापलेला फोन स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो. क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनलमध्ये सीपीयू चारपट मंद करून पाहता येतं, पण शेवटची तपासणी आम्ही खऱ्या, स्वस्त फोनवरच करतो.

किती वेळ

बटणाचा प्रतिसाद १०० ते १५० मिलिसेकंद. खिडकी किंवा यादी उघडायला २०० ते ३००, बंद व्हायला त्याहून थोडा कमी. येणारी वस्तू वेगानं येऊन हळू स्थिरावावी, जाणारी हळू निघून वेगानं जावी. दिवसाला २०० पट्ट्या करणाऱ्या मुनिमाला प्रत्येक पट्टीमागं ०.६ सेकंद थांबवलं तर दिवसाची दोनच मिनिटं जातात, पण खोळंबा दोनशे वेळा होतो. रोजच्या कामाच्या पडद्यावर म्हणूनच हालचाल कमीत कमी ठेवा. हॉटेलच्या किंवा पैठणीच्या दुकानाच्या पहिल्या पानावर थोडी सैल सोडली तरी चालते, कारण ते पान माणूस एकदा-दोनदाच पाहतो.

मराठी अक्षरं हलवताना

इथं सर्वांत जास्त चुका होतात. बाजारातले बहुतेक तयार नमुने रोमन लिपी डोळ्यांपुढं ठेवून बनलेले असतात. मथळ्याचं एक-एक अक्षर उडत येण्याचा परिणाम मराठीला लावला की ‘श्री’चे चार तुकडे पडतात : श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. सुटी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. ब्राउझरमधला सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडणारी सोय) काना-मात्रा अक्षराला धरून ठेवतो, पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणात) २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरमध्ये ‘श्री’ तरीही तुटते. आणि अक्षरं नीट तुटली तरी प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकटीत गेल्यामुळं शिरोरेषेत फटी पडतात. त्यामुळं आम्ही मराठी मजकूर शब्दाशब्दानंच हलवतो, दोन शब्दांत ४० ते ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवून.

ओळ खालून वर उगवण्याच्या परिणामात ओळीभोवती झाकण, म्हणजे बाहेर जाईल ते छाटणारी चौकट, असतं. ‘सर्वोत्कृष्ट’ लिहून पाहा : वरचा रफार आणि मात्रा छाटली जाते, खालचा ऋकार गायब होतो. ओळीची उंची १.५ ते १.६ ठेवायची आणि झाकणाला वर-खाली थोडी जागा द्यायची, की शब्द पुरा दिसतो.

आकडे शून्यापासून पळवत नेणं सगळ्यांना आवडतं. ‘१,२५,००० क्विंटल आवक’ अशा जुन्या, ठरलेल्या आकड्याला ते शोभतंही. स्वल्पविराम लाख-हजाराच्या जागी पडावेत आणि अंक देवनागरी यावेत म्हणून भाषेचा कोड मराठी-भारत असा द्यावा लागतो. अंकांची रुंदी सारखी नसेल तर आकडा थरथरतो. पण आजचा भाव, खात्यातली शिल्लक, विद्यार्थ्याचे गुण हे कधीही पळवू नका. ४,८५० चा भाव मोजत जाताना मध्येच ३,१०० दिसतो आणि कुणी तेवढ्यात पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर निस्तरायला तुम्हालाच लागतं. भाव बदलला की खरा आकडा लगेच दाखवावा आणि त्यामागचा रंग सेकंदभर उजळावा, एवढं पुरे.

नेहमीचे बिघाड

पान कोरं दिसतं. मजकूर आधी अदृश्य ठेवून स्क्रिप्टनं दाखवायचा असतो आणि नेटवर्क तुटून स्क्रिप्टच पोचत नाही. म्हणून मजकूर मुळात दिसताच ठेवतो, लायब्ररी चालू झाल्याची खात्री पटल्यावरच लपवतो.

रिअ‍ॅक्टमध्ये (पडदे बांधायच्या लायब्ररीत) घटक अर्धवट फिका राहतो. डेव्हलपमेंटमधल्या स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका पकडायच्या कडक तपासणीत) इफेक्ट, म्हणजे घटक पडद्यावर आल्यावर चालणारा कोड, दोनदा चालतो आणि जीसॅपचं ‘फ्रॉम’ त्या क्षणीची स्थितीच शेवट समजतं. जुनी हालचाल साफ करणारा जीसॅपचा हुक (रिअ‍ॅक्टसाठीची तयार सोय) वापरायचा, किंवा सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहून द्यायचे.

हालचाल ओढल्यासारखी, उशिरा होते. एकाच गुणधर्मावर सीएसएस ट्रान्झिशन आणि जीसॅप दोघंही ओढत असतात. एकाला काढा.

पान सरकवताना परिणाम भलत्याच जागी सुरू होतो. फोटो उशिरा उतरले, पान लांबलं आणि आधी मोजलेल्या जागा चुकल्या. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहिलेली हवी, आणि सगळं उतरल्यावर स्क्रोलट्रिगरला (पान सरकेल तशी हालचाल चालवणाऱ्या जीसॅपच्या प्लगइनला) जागा पुन्हा मोजायला सांगायचं.

काही माणसांना पडद्यावरच्या मोठ्या हालचालीनं भोवळ किंवा मळमळ येते. ज्यांनी फोनमध्ये अ‍ॅनिमेशन बंद केलेलं असतं, त्यांच्यासाठी आम्ही सरकणं-फिरणं काढून साधं विरणं ठेवतो. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या चित्रपट्टीला थांबवायचं बटण देतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही ठेवत नाही, कारण त्यानं अपस्माराचा झटका येऊ शकतो.

काम सुरू करण्याआधी

रोज सर्वांत जास्त वापरले जाणारे तीन पडदे कोणते ते कळवा आणि वापरणाऱ्यांकडचा एक जुना फोन दोन दिवस आमच्याकडे द्या. लोगो हलवायचा असेल तर तो एसव्हीजीमध्ये (सुट्या रेघा-आकारांच्या फाइलमध्ये) लागतो. जेपीजीमधली रेघ सुटी करता येत नाही. एसव्हीजी नसेल तर तुमचा फ्लेक्स छापणाऱ्याकडे बहुतेक वेळा कोरल ड्रॉची मूळ फाइल असते. ती मागून घ्या, आणि त्यातला मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांऐवजी आकारांत) बदलून द्यायला सांगा. नाहीतर त्यांचा फाँट आमच्या संगणकावर नसल्यामुळं दुकानाचं नावच उलटसुलट उमटतं.