व्ह्यू-मास्टर रील संग्रह (मराठवाडा)

एकाच दृश्याची दोन डोळ्यांसाठी टिपलेली दोन चित्रे शेजारी पाहून खोलीचा भास देणाऱ्या पुठ्ठ्याच्या जुन्या चकत्या जमवण्याचा छंद. चकतीला ‘रील’ म्हणतात आणि ती ज्यात घालून बघायची त्या यंत्राला ‘व्ह्यू-मास्टर’. जुनी माणसे बघण्याच्या यंत्रालाही ‘बायोस्कोप’ म्हणतात, पण माळेगावसारख्या यात्रेतली बायोस्कोपची पेटी वेगळी. तिच्या भिंगातून चित्र मोठे दिसते, खोल नाही.

दोन डोळ्यांच्या दोन चित्रांमागचे तत्त्व इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडले. विल्यम ग्रूबर यांच्या कल्पनेवरून अमेरिकेतील पोर्टलंडच्या सॉयर्स कंपनीने १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर बाजारात आणला. १९६६ मध्ये सॉयर्स जीएएफ कंपनीकडे गेली. भारतात मुंबईच्या पटेल इंडिया कंपनीने व्ह्यू-मास्टर बनवले. आपल्याकडच्या माळ्यांवर सापडणारी यंत्रे पुष्कळदा तीच.

सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाच्या रीलवर फिल्मचे नखाएवढे १४ तुकडे असतात, म्हणजे सात जोड्या. जोडीतली दोन चित्रे एकमेकांसमोर, चकतीच्या दोन टोकांना बसवलेली. खटका दाबला की रील चौदाव्या हिश्शाने नव्हे, सातव्या हिश्शाने फिरते. एकच घर सरकली असती तर डाव्या डोळ्याचे चित्र उजव्याला गेले असते, तेही उलटे, आणि डोंगर वर, आकाश खाली असा घोळ झाला असता. जुन्या यंत्राचा खटका सैल असेल तर रील अर्धवटच सरकते. चित्र दुहेरी दिसले म्हणून रीलला दोष देऊ नये.

सुरुवात करणाऱ्याने यंत्रावर पैसे घालू नयेत. तपकिरी किंवा काळ्या बेकलाइटचे (जुने कडक प्लास्टिक), वरच्या खाचेत रील घालायचे १९४६ नंतरचे यंत्र जड आणि टिकाऊ असते. पडले तर मात्र कोपरा उडतोच. चालते एक पुरे. खरी पारख रीलची.

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात किंवा जालना, नांदेडच्या भंगार-रद्दीच्या दुकानात रील निघाली तर आधी कडेने धरून ट्यूबलाइटकडे करावी आणि पांढरे ढग पाहावेत. ढग पांढरे, सावल्या काळ्या, तर फिल्म बहुधा कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म. अंधारात ठेवली तर ती दशकानुदशके रंग सोडत नाही. ढग गुलाबी आणि झाडी विटकरी झाली असेल, तर ती बहुधा सत्तरच्या दशकाच्या अखेरची, वेगळ्या फिल्मवरची. गेलेला रंग परत येत नाही, तेव्हा दुकानदार ‘अँटिक आहे’ म्हणाला तरी तिथे घासाघीस करण्यातही अर्थ नाही.

पन्नाशीच्या दशकापासून तीन रीलचे पाकीट मिळू लागले: २१ दृश्ये आणि सोबत पुस्तिका. पाकीट घेताना तिन्ही रीलवरचे क्रमांक जुळतात का पाहावे. घरातल्या पोरांनी भलत्याच पाकिटातली रील कोंबलेली असते. अगदी सुरुवातीच्या रीलच्या मध्यभागी सोनेरी कागद चिकटवलेला असे. तशी रील हाती लागली तर गवगवा न करता घ्यावी.

इकडच्या हवेत रीलचे दोन शत्रू. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतली धग आणि बारीक धूळ. पावसाळ्यात ओल, मग पुठ्ठ्याला कसर आणि फिल्मला बुरशी. रील पाण्याने पुसली तर पुठ्ठा फुगतो आणि खाचेत अडकतो, म्हणून धूळ रबरी फुंकणीने उडवावी. ठेवण्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. धान्याच्या कणगीत शोभणारा कडुनिंबाचा पाला इथे नको, त्याचे डाग पडतात.

कशाच्या रील जमवायच्या हे ज्याने त्याने ठरवावे, पण खोली असलेली दृश्ये आधी घ्यावीत. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणलेले: अंगणातला हत्ती, मागे ध्वजस्तंभ, त्यामागे शिखर आणि सगळ्याभोवती कातळाची उभी भिंत. साध्या फोटोत हे एकमेकांवर चिकटते, त्रिमितीय जोडीत एकेक थर सुटा होतो. अजिंठ्याची चित्रे मुळात भिंतीवर सपाट. तिथे दोन डोळ्यांचा फायदा खांबांना आणि छताला.