जोराच्या वाऱ्यात नवख्यांनी पुढच्याच्या चाकाला खेटून चालवावे काय?

वारा जोराचा असला, की नवख्या सायकलस्वाराने अनुभवी माणसाच्या मागच्या चाकाला खेटून चालवावे, म्हणजे तो सुरक्षित राहतो, असा एक जुना समज आहे. समोरच्या वाऱ्यात अशाने श्रम वाचतात, एवढाच भाग त्यात खरा आहे. गोव्यातल्या मिरामार-दोनापावला या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर दुपारचा समुद्री वारा बहुधा आडवा लागतो; अशा वाऱ्यात आडोसा थेट पाठीमागे नव्हे, तर तिरका, वाऱ्याच्या उलट बाजूला पडतो, आणि तो साधण्याच्या नादात नवख्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाते. झोताने पुढचा वीतभर सरकला आणि चाके घासली, की पडतो तो बहुतेक मागचाच, कारण तोल सावरण्यासाठी वळवायचे चाकच अडते. मिरामारकडे परतताना वारा डावीकडून येत असल्याने हा आडोसा उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या वाटेतच सापडतो. उलट, दोनापावलाकडे जाताना वारा उजवीकडून येतो; त्या बाजूने बस गेली, तर वारा क्षणभर तुटून पुन्हा आदळतो, आणि वाऱ्यावर रेललेला नवखा भेलकांडतो. त्यापेक्षा दोन-तीन सायकलींइतके अंतर राखून एकेरी रांग धरावी, हँडलवरची पकड सैल ठेवावी आणि वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या बेताने ठेवावा. दम अधिक लागेल, हे मान्य. उंच कडांची (खोल रिमची) चाके मिरवण्याची हौसही अशा दिवशी आवरलेली बरी, कारण आडवा वारा त्यांनाच अधिक ढकलतो.