तिसऱ्या घंटेपासून तिसऱ्या अंकापर्यंत

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या जत्रेत हौशी मंडळींचं मराठी नाटक अजून मध्यरात्र उलटेपर्यंत रंगतं, आणि हल्ली ते कोणीतरी मोबाईलवर टिपतंच. आमचाही मोबाईल मंडपाच्या मागच्या खांबाला बांधलेला आणि आवाजाचा छोटा रेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला. घरी चित्र आणि आवाज जुळवायला बसलो तर नांदीतली झांज अचूक बसली. तिसऱ्या अंकात मात्र नटाचे ओठ मिटल्यावर वाक्य यायला लागलं.

चूक आपल्या हाताची वाटते, पण हे दुखणं सिनेमाइतकंच जुनं आहे. शिवाय ते एक नाही, दोन आहेत: सुरुवात जुळणं आणि वेग जुळणं.

१८९४-९५ च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने भोंग्यासमोर व्हायोलिन वाजवलं. चित्र फिल्मवर उतरलं, आवाज मेणाच्या नळकांड्यावर. दोघांची ताटातूट झाली, नळकांडं तुटलं, आणि चित्रपट-संकलक वॉल्टर मर्चने संगणकावर त्यांची गाठ घालून देईपर्यंत शंभरेक वर्षं उलटली. १९२६ च्या व्हायटाफोन या बोलपटाच्या यंत्रणेत १६ इंची तबकडी आणि प्रोजेक्टर एकाच मोटरवर फिरत. फिल्मवरच्या खुणेची फ्रेम आणि तबकडीवरच्या बाणाशी सुई, अशी सुरुवात साधायची. रीळ तुटून चार फ्रेम कापल्या गेल्या, तर तेवढ्याच काळ्या फ्रेम मध्ये चिकटवाव्या लागत; नाहीतर ते अकरा मिनिटांचं रीळ संपेपर्यंत आवाज पुढे-मागे. हाताने फिरवायच्या मूकपटाला ठरलेला वेग नव्हताच. मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, हा दंडक आवाजाने घालून दिला.

आर्देशीर इराणींच्या १९३१ च्या ‘आलम आरा’त आवाज कॅमेऱ्यातल्या त्याच फिल्मवर उतरत होता. ताटातूटच नाही, मग जुळवणी कसली! पण आवाज स्वतंत्र कापायचा, बदलायचा म्हटलं की यंत्रं वेगळी करावीच लागतात. चुंबकीय टेपला फिल्मसारखी भोकंही नसतात. ती ताणते, घसरते. म्हणून १९५० च्या दशकापासून कॅमेऱ्याच्या वेगाची स्पंदनं टेपवर बरोबरीने नोंदवायची युक्ती आली. पुढे दोन्ही यंत्रांत वेगाचा ठोका धरणारा क्वार्ट्झचा स्फटिक बसला आणि त्यांना जोडणारी तारही गेली.

आपल्या मोबाईलमध्ये आणि रेकॉर्डरमध्ये तोच स्फटिक आहे, फक्त स्वस्तातला. दोघांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद साचतात. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर साडेचार फ्रेम. तिसऱ्या अंकाचं गौडबंगाल ते हेच. (अंधारात मोबाईल फ्रेमचा वेगही परस्पर बदलतो, तो निराळा ताप.)

अशा जुळवणीला चालणारं ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात चित्र दिसतच नाही. म्हणून व्हिडिओतला आवाज वेगळा काढायचा, रेकॉर्डरच्या पट्टीखाली ठेवायचा आणि लाटांचे सुळके जुळवायचे. इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. क्लॅपची पाटी लागायची, कारण फिल्मचा कॅमेरा बहिरा होता. टाळी डोळ्यांना दिसणं भाग होतं. मोबाईलला कान आहेत. त्यामुळे पडद्याआड वाजणारी तिसरी घंटासुद्धा खूण म्हणून चालते.

मोबाईल वीस मीटर मागे असेल तर त्याच्यापर्यंत आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि जुळवणीत तेवढा उशीर राहून जातो. राहू द्यावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकायला लागतो, उशीर मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही. मांडवी नदीपलीकडच्या फेस्ताचे (चर्चच्या जत्रेचे) फटाके आधी दिसतात, मग ऐकू येतात. उशिराची कानांना सवय असते.

वेगासाठी मात्र दुसरी खूण हवीच. पडदा पडतानाची घंटा घ्यावी, तिसऱ्या घंटेपासूनचं तिचं अंतर दोन्ही पट्ट्यांवर मोजावं, आणि रेकॉर्डरची पट्टी ‘चेंज स्पीड अँड पिच’ने त्याच प्रमाणात ताणावी किंवा आवळावी. फरक ०.००५ टक्क्यांइतका किरकोळ निघतो. गाण्याचा सूर त्याने हलत नाही. निर्यात करताना ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) ठेवावं, कारण तो आकडा २४, २५ आणि ३० या तिन्ही फ्रेमवेगांनी पूर्ण भागला जातो. सीडीच्या ४४,१०० ला २४ ने भागलं की अर्धा उरतो.