मराठी कीबोर्ड कुठे असतो? सेटिंग्जच्या विंडोची पार्श्वभूमी

ज्यांनी विंडोज एक्सपीच्या काळात घरच्या संगणकावर युनिकोड मराठी सुरू केलं, त्यांना ती वाट अजून पाठ असेल. कंट्रोल पॅनेल, त्यात 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात 'लँग्वेजेस' हा टॅब, तिथे भारतीय लिप्यांसाठी लागणाऱ्या फाइल्सच्या चौकोनात टिक, मग बहुतेक वेळा एक्सपीची सीडी, मग रीस्टार्ट. त्यानंतर पुन्हा त्याच टॅबवर येऊन 'डिटेल्स' दाबायचं की दुसरी विंडो उघडे, आणि तिथे 'अ‍ॅड' दाबलं की तिसरी. तिन्हींना आपापलं ओके.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या आणि पेठांमधल्या डीटीपीवाल्यांना हा त्रास फारसा नव्हता. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम वापरलं, की कीबोर्ड निवडायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच असे. सेटिंग्जच्या जंगलात शिरावं लागे ते घरी बसून मराठीत लिहू पाहणाऱ्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला, निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेतलेल्या आजोबांना. फक्त इंग्रजीत काम करणारा माणूस महिनोन् महिने सेटिंग्ज उघडत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी तिथे जावं लागतं. या विंडोची मांडणी कशी बदलत गेली, हे आपण आपल्या गरजेच्या बाजूने पाहायला हवं ते यासाठी.

सुरुवात फार सुटसुटीत होती. १९८४ च्या मॅकिंटॉशचं कंट्रोल पॅनेल ही एकच छोटी विंडो होती. अ‍ॅपलच्या चित्रकार सुझन केअर यांनी आखलेल्या या विंडोत शब्द जवळजवळ नव्हतेच. कीबोर्डचा वेग ठरवायला एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. मशीनमध्ये बदलण्यासारखं थोडंच होतं, म्हणून हे जमलं. प्रिंटर, नेटवर्क, रंगीत पडदे आले तशी एक विंडो अपुरी पडली. १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये अ‍ॅपलने प्रत्येक विषयाचं वेगळं पॅनेल करून सगळी एका फोल्डरमध्ये ठेवली. विंडोजनेही आयकॉनांनी भरलेल्या कंट्रोल पॅनेलचा रस्ता धरला.

विंडोज ९५ ने त्यात टॅबची भर घातली. ६४० बाय ४८० पिक्सेलच्या पडद्यावरही विंडो मावली पाहिजे, ही तेव्हाची अट होती. त्यामुळे विंडो लहान आणि ठरावीक मापाची, आणि मावत नाही ते पुढच्या टॅबवर किंवा आणखी एका बटणामागे. एक्सपीतल्या आपल्या तीन विंडो या सवयीतूनच आल्या. २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमातून गावोगावच्या लोकांची संगणकाशी पहिली ओळख झाली, तीही याच मांडणीतून. ओके, कॅन्सल, अप्लाय ही तीन बटणं आपल्याकडे इतकी मुरली, की नुसता बदल करून विंडो बंद करायची म्हटलं तर आजही पुष्कळांना धाकधूक वाटते.

लिनक्सच्या बाजूला वेगळा विचार चालला होता. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००१ मध्ये ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची (विंडो, मेन्यू, सेटिंग्ज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची) वापरचाचणी करून अहवाल प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी आलेल्या ग्नोम २ ने पर्याय निर्दयपणे छाटले आणि बहुतेक ठिकाणचं 'अप्लाय' काढून टाकलं; टिक केली की बदल तिथल्या तिथे लागू. मला हा निर्णय आजही धाडसाचा आणि बरोबर वाटतो. विंडो मात्र सुट्या सुट्याच राहिल्या, मेन्यूत एकाखाली एक. नेटबुक म्हणजे छोटे, स्वस्त लॅपटॉप आले तेव्हा त्यांची अडचण उघडी पडली. पडदा १०२४ बाय ६००, आणि काही विंडो त्याहून उंच. 'क्लोज' बटण पडद्याच्या खाली जाई. ऑल्ट धरून माऊसने विंडो वर ओढायची युक्ती माहीत नसेल, तर माणूस अडकला.

२०११ च्या ग्नोम ३ ने सगळं एकाच विंडोत आणलं: आयकॉनांची जाळी, एकावर क्लिक केलं की त्या जागी ते पॅनेल. पण शेजारच्या पॅनेलवर जायचं तर आधी मागे यावं लागे. आयकॉनखाली बसणारी नावंही दोन ओळींत मोडत. मांडणी बदलली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, ग्नोम ३.२६ बरोबर: डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर. पुढच्याच महिन्यात केडीई या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ५.११ नेही अशी डावीकडची यादी, म्हणजे साइडबार, आणला. विंडोज ११ ने २०२१ मध्ये आणि मॅकने २०२२ च्या व्हेंच्युरामध्ये तीच दिशा घेतली. फोनवरच्या सेटिंग्जमुळे लोकांना यादीची सवय झाली होती, आणि रुंद पडद्यांवर डावीकडे जागा मोकळीच होती. शिवाय विंडो अरुंद केली की यादी आणि मजकूर आळीपाळीने दाखवता येतात. लिनक्सचे फोन घडवू पाहणाऱ्यांनी यावर बरंच काम केलं.

देवनागरीला ही मांडणी मानवते. ओळीत नाव आडवं पसरू शकतं, आणि ओळीची उंची फॉन्टप्रमाणे वाढली की वरची वेलांटी नि खालचा उकार कापला जात नाही. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातून लोहित या भारतीय लिप्यांच्या फॉन्टची देखभाल झाली, तिचा उपयोग इथे रोज दिसतो.

साइडबारच्या आधीच एक मोठी सुधारणा झाली होती, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. २०१२ च्या ग्नोम ३.६ मध्ये आयबस ही टायपिंगची यंत्रणा थेट सेटिंग्जमध्ये जोडली गेली. त्याआधी मराठी फोनेटिकसारखी (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे टाइप करायची) पद्धत हवी असेल, तर तिच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम उघडावा लागे आणि साधे कीबोर्ड दुसरीकडेच असत. आता इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड आणि फोनेटिक एकाच यादीत मिळू लागले. ती यादी तेव्हा 'प्रदेश व भाषा' या पॅनेलमध्ये होती. २०२१ च्या ग्नोम ४० ने ती कीबोर्डच्या पॅनेलमध्ये हलवली. जुन्या मार्गदर्शिकांमधली चित्रं एका फटक्यात चुकीची ठरली, तरी बदल योग्य होता. कीबोर्ड बदलायचाय तर माणूस कीबोर्डच शोधणार.

प्रश्न शिल्लक आहे तो दुसऱ्या टोकाला. २०२४ च्या ग्नोम ४६ मध्ये भाषा, तारीख-वेळ, वापरकर्ते ही पॅनेलं नव्या 'सिस्टिम' पॅनेलच्या पोटात गेली. यादी आखूड झाली, पण मराठी वापरकर्त्याला लागणाऱ्या दोन गोष्टी आणखी दूर गेल्या: मेन्यू मराठीत हवेत तर सिस्टिममध्ये जा, टायपिंग मराठीत हवं तर कीबोर्डमध्ये. पहिल्यांदा संगणक सुरू करताना येणारे सेटअपचे पडदे भाषा आणि कीबोर्ड लागोपाठ विचारतात. सेटिंग्जमध्ये तो क्रम तुटतो. भाषेच्या पानावर तळाशी कीबोर्डच्या पानाकडे नेणारी एक ओळ घातली, तरी पुरे. त्यासाठी विंडोची मांडणी पुन्हा बदलायची गरज नाही.