मोटरहोममध्ये ऊब टेलपर्यंत का पोचत नाही?

युरोपातल्या कडक थंडीत मोटरहोमने, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने, फिरणाऱ्यांची एक नेहमीची अडचण असते. बसायच्या जागी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि मागच्या पलंगावर दोन पांघरुणं घेऊनही पाय गारच राहतात. मग मोठा हीटर बसवायचा विचार सुरू होतो. पण दोष बहुधा हीटरच्या ताकदीत नसतो, तो वाटपात असतो. कालव्याच्या मुखाशी पाणी तुंबतं आणि टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, शेत कोरडं राहतं, तसलाच हा प्रकार.

तिकडे सर्रास दिसणारा ट्रुमा कॉम्बी हा जर्मन हीटर पाहा. त्याला गरम हवेची चार तोंडं असतात आणि प्रत्येकाला 65 मिमी व्यासाचा लवचीक पाइप जोडतात. पंखा एकच असतो. कोणत्या पाइपात किती हवा जाईल हे त्या त्या पाइपाचा अडथळा ठरवतो. बाथरूमचा पाइप मीटरभर आणि सरळ, पलंगाचा पाच मीटर आणि चार वळणांचा, म्हणजे हवा कुठे पळणार हे उघड आहे. त्यात फर्निचरखाली कोंबताना पाइप चेपून त्याचा व्यास 55 मिमी इतकाच उरला, तर तेवढीच हवा पुढे ढकलायला त्या तुकड्यात दुपटीहून जास्त दाब लागतो.

काहीही उघडण्याआधी मोजा. हीटर वीस मिनिटं पूर्ण वेगाने चालू द्या. मग 30 लिटरची पातळ कचऱ्याची पिशवी चपटी करून पाइपाच्या खोलीतल्या तोंडावर घट्ट धरा आणि ती फुगताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तासाला 70 घनमीटर हवा येत असेल, तर पिशवी साधारण दीड सेकंदात भरते. तीन सेकंद लागले तर हवा निम्मीच येते आहे. प्रत्येक तोंडाशी तापमानही नोंदवा. हवा भरपूर पण कोमट असेल, तर उष्णता वाटेत जाते आहे. हवाच कमी असेल, तर पाइप चेपलेला, तुंबलेला किंवा कुठेतरी सुटलेला आहे. सुटलेला पाइप सापडायला सोपा असतो, कारण एखादं कपाट विनाकारण गरम लागतं.

परतीच्या हवेचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. चार पाइपांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे 133 चौ. सेंमी होतं. हीटरच्या कप्प्यात हवा परत यायची वाट त्याहून मोठी हवी, आणि जाळीच्या पट्ट्यांनी अडलेली जागा वजा करून. प्रत्यक्षात त्या कप्प्यात बूट आणि पिशव्या भरलेल्या असतात. पंख्याला ओढायला हवा मिळाली नाही की हीटर आतून तापतो आणि स्वतःच आच कमी करतो. कप्प्याचं दार उघडं ठेवून पुन्हा पिशवी भरून बघा. फरक पडला तर दुखणं इथेच आहे.

दुसरी गळती गाडीच्या पोटाखालची. बाहेर उणे 5 अंश असताना 60 अंशांची हवा नेणारा चार मीटर उघडा पाइप अंदाजे 300 वॅट उष्णता वाटेत घालवतो. 20 अंशांच्या खोलीला तो पाइप एकूण देऊ शकतो ती सुमारे 800 वॅट. त्यावर 13 मिमी जाडीचं रबर-फोमचं आवरण घाला आणि सांधे टेपने बंद करा, कारण भिजलेलं आवरण निरुपयोगी ठरतं. हीटरजवळच्या अर्ध्या मीटरला मात्र फोम नको. तिथे ॲल्युमिनियमचं अस्तर असलेलं ग्लासवूल घाला.

वाटप सुधारायचं ते जवळच्या तोंडाची हवा कमी करून, पण लांबचा पाइप नीट केल्यावरच. आधी पलंगाचा पाइप सरळ करा, जादा लांबी कापा, आणि त्यावर मध्येच टी (तीन तोंडांचा जोड) लावून काढलेली शाखा असेल तर ती जवळच्या पाइपावर हलवा. मग बाथरूमच्या पाइपात झडप बसवून ती थोडी थोडी मिटा. पूर्ण बंद करू नका. एक झडप हलली की चारही तोंडांचे आकडे बदलतात, म्हणून दर वेळी चारही मोजा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. जमलं की झडपेची जागा पेनने खुणावून ठेवा.

थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम हवेच्या तोंडावर किंवा दाराजवळ नको, आतल्या भिंतीवर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला लावा. ड्रायव्हरसमोरची एकेरी काच हवा थंड करते आणि ती जड हवा जमिनीवरून पायांकडे सरकते. काचेवरचं आच्छादन बाहेरून घाला. आतून घातलं तर काचेवर पाणी साचतं. पाठीच्या उशा आणि भिंत यांत दोन सेंमी फट ठेवा, म्हणजे ऊब भिंतीलगत वर चढते.

पाइपात जोडायचा 12 व्होल्टचा पंखा हा अगदी शेवटचा उपाय. तो गरम हवा सोसणारा असावा आणि हीटरपासून जमेल तितका दूर, पलंगाच्या टोकाशी बसवावा. ज्वलनाची हवा आणि धूर यांच्या पाइपांना यातल्या कोणत्याही कामात हात लावायचा नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ चालू असलाच पाहिजे.