कंट्री संगीतातील काउगर्ल

अमेरिकेच्या कंट्री संगीतात, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या लोकप्रिय संगीतात, १९३० च्या दशकात रुजलेली आणि आजवर टिकून असलेली स्त्रीप्रतिमा. घोड्यावर मांड ठोकून गुरांमागे माळरान तुडवणारी, मनाला येईल तिकडे जाणारी, स्वतःच्या दुःखाचा बोभाटा न करणारी तरुणी, असे तिचे ढोबळ रूप. कंट्री गाण्यांतल्या बायका एरवी घरात, चर्चमध्ये नाहीतर बाहेरख्याली नवऱ्याची वाट पाहताना भेटतात. काउगर्ल तेवढी उंबऱ्याबाहेरची. गायिकांच्या नव्या नव्या पिढ्यांना तिची ओढ वाटत आली ती त्यामुळेच.

या प्रतिमेला प्रत्यक्षातला आधार होता. रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण शेतांवर, वाढलेल्या मुली भावांच्या जोडीने घोडे फिरवत, गुरांना फास टाकत. विसाव्या शतकाच्या आरंभी ओक्लाहोमाची ल्युसिल मल्हॉल बैलांना फास टाकून पाडण्याच्या स्पर्धांत पुरुषांच्या बरोबरीने उतरे. तिच्याआधी १८८५ पासून ॲनी ओकलीने बफेलो बिलच्या, पश्चिमेतल्या जीवनाचे देखावे करणाऱ्या फिरत्या खेळात नेमबाजी गाजवली होती. ती मात्र अमेरिकेच्या पश्चिमेतली नव्हे, ओहायोतल्या गरीब शेतकऱ्याची मुलगी. घोडेस्वारी आणि गुरे पकडणे यांच्या जाहीर स्पर्धांना रोडिओ म्हणतात. त्यात स्त्रिया उधळणाऱ्या, अंगावर स्वार टिकू न देणाऱ्या घोड्यांवरही बसत. १९२९ साली ऑरेगनमधील पेंडलटन येथे अशाच स्पर्धेत बॉनी मॅकॅरोल जबर जखमी झाली आणि काही दिवसांनी दगावली. पेंडलटनने स्त्रियांची ही स्पर्धा बंद केली. पुढे इतरत्रही ती मागे पडली. मैदानातल्या काउगर्लला अशी कडेला सारली जात असताना रेडिओवरची काउगर्ल जन्माला येत होती.

हा रेडिओ शिकागोचा. तिथल्या डब्ल्यूएलएस केंद्रावरून १९२४ पासून ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम प्रसारित होई आणि मध्य-पश्चिमेतली शेतकरी कुटुंबे तो नेमाने ऐकत. मिली आणि डॉली गुड या बहिणी ‘गर्ल्स ऑफ द गोल्डन वेस्ट’ या नावाने तिथे गात. त्या टेक्सासमधल्या म्युलशू गावच्या म्हणून सांगितल्या जात. मुळात त्या इलिनॉयच्या. पॅट्सी मोंटानाचेही तसेच. १९०८ साली आर्कान्सॉमध्ये जन्मलेल्या या मुलीचे खरे नाव रूबी ब्लेव्हिन्स, आणि ‘मोंटाना’ हे नाव तिला मिळाले कॅलिफोर्नियात. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. महामंदीत शेती बुडत असताना या मुलींनी स्वतःसाठी एक मोकळा मुलूख निवडला आणि श्रोत्या स्त्रियांनाही तो आपला वाटला.

१९३५ साली पॅट्सीने न्यू यॉर्कमध्ये ‘आय वाँट टू बी अ काउबॉइज स्वीटहार्ट’ हे स्वतः रचलेले गाणे ध्वनिमुद्रित केले. दहा लाख प्रतींच्या खपापर्यंत पोहोचलेली कंट्री गायिकेची पहिली रेकॉर्ड म्हणून ते ओळखले जाते. शीर्षकावरून ते प्रेमगीत वाटते. ऐकायला बसले की कळते, की त्या काउबॉयविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही. तो दिसतो कसा, बोलतो काय, याचा पत्ता नाही. नायिकेला हवे आहे ते फास टाकायला शिकणे, माळावर आणि वाळवंटात घोडा दौडवणे, कोल्हेकुई ऐकत गुरांच्या कळपाजवळ उघड्यावर झोपणे. प्रियकर हा तिकडे जाण्याचा त्या काळी खपून जाणारा परवाना आहे. या गाण्याचे खरे मोठेपण या मागणीत आहे, आणि ते खपाच्या आकड्यापुढे झाकले जाते याची खंत वाटते.

ही मागणी शब्दांपेक्षा जोरात मांडतो तो त्यातला योडेल. छातीतला भरदार आवाज आणि वरच्या पट्टीतला बारीक आवाज यांच्यात मुद्दाम झटका देऊन ये-जा करण्याची ही लकब मराठी कानांना किशोरकुमारमुळे ओळखीची आहे. कंट्रीत ती गायक जिमी रॉजर्सने लोकप्रिय केली, पण त्याच्या गळ्यात ती बहुधा एकटेपणाची हाक होती. पॅट्सीचा योडेल द्रुत, खणखणीत आणि आनंदी आहे. कडवे संपते, शब्द थांबतात आणि आवाज लगाम सैल सोडल्यासारखा उधळतो.

पुढच्या दशकात हॉलिवूडने काउगर्लला झालरीचे स्कर्ट आणि चमचमते बूट चढवले. टेक्सासच्या गायिका-अभिनेत्री डेल एव्हान्सला ‘पश्चिमेची राणी’ हा किताब मिळाला, तरी पडद्यावर ती बहुधा पती आणि पडद्यावरचा गाणारा काउबॉय रॉय रॉजर्स याची जोडीदारीणच राहिली. दोघांच्या कार्यक्रमाचे गाजलेले शीर्षकगीत ‘हॅपी ट्रेल्स’ तिने लिहिले होते, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. मैदानावरच्या स्त्रियांनी १९४८ मध्ये टेक्सासातील सॅन अँजेलो येथे ‘गर्ल्स रोडिओ असोसिएशन’ स्थापून स्पर्धांची सूत्रे आपल्या हाती घेतली.

मैदान आणि मंच यांची खरी गाठ पडली गायिका रीबा मॅकएंटायरमध्ये. तिचे वडील बैलांना फास टाकण्यात जगज्जेते. ती स्वतः बॅरल रेसिंग, म्हणजे तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवण्याची शर्यत, खेळलेली. १९७४ साली ओक्लाहोमा सिटीतल्या राष्ट्रीय रोडिओत तिने राष्ट्रगीत गायले आणि तिथूनच तिला कंट्री संगीताच्या राजधानीची, नॅशव्हिलची, वाट मिळाली. २००८ मध्ये ब्रुक्स अँड डन या जोडीबरोबर तिने गायलेल्या ‘काउगर्ल्स डोन्ट क्राय’मध्ये बाप मुलीला सांगतो, पडलीस तर पुन्हा घोड्यावर बस, काउगर्ल रडत नसते. गाणे हृदयाला भिडते. पण पॅट्सीच्या नायिकेला मोकळे व्हायचे होते, हिला खंबीर राहायचे आहे, आणि यात काहीतरी गमावले आहे.

डिक्सी चिक्स या टेक्सासच्या वाद्यवृंदाने १९९० मधल्या पहिल्या अल्बमच्या नावातच डेल एव्हान्सबद्दल देवाचे आभार मानले. १९९८ च्या त्यांच्या ‘वाइड ओपन स्पेसेस’ या गाण्यात घोडा नाही, गुरे नाहीत, प्रियकरही नाही. घर सोडून निघालेली एक मुलगी आहे, तिला चुका करायला पुरेशी मोकळी जागा हवी आहे, आणि आईवडील तिला निरोप देत आहेत. १९३५ मधली मागणी इथे परवान्याशिवाय मांडली गेली.

काउगर्ल गोरीच असते हा समज मात्र दीर्घकाळ टिकला. वस्तुतः गुरे हाकण्याची विद्या मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या गुराख्यांकडून, आलेली, आणि टेक्सासच्या माळांवर कृष्णवर्णीय गुराखी मोठ्या संख्येने राबले. ह्यूस्टनची कृष्णवर्णीय गायिका बियॉन्से हिने २०२४ मध्ये ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम काढला. त्यातले ‘टेक्सास होल्ड एम’ बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी गेले. कृष्णवर्णीय स्त्रीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. २०२५ मध्ये या अल्बमला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मुखपृष्ठावर ती पांढऱ्या घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसली आहे, हातात अमेरिकेचा झेंडा आहे.