मुलाच्या ताब्याचं प्रकरण आणि समुपदेशकांचा अहवाल : आमच्या पक्षकारांसाठी माहिती

"कोर्टाकडून बाई घरी येणार आहेत, मुलाला काय काय शिकवून ठेवू?" असा फोन आमच्या ऑफिसात सारखा येतो. या बाई म्हणजे कोर्टाच्या समुपदेशक. फोन करणारे आईबाप वाईट नसतात. घाबरलेले असतात. त्यांना आमचं उत्तर एकच असतं : काहीही शिकवू नका. पण त्यामागचं कारण फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर धास्ती आणखी वाढते. म्हणून हे पत्रक. घटस्फोट, पोटगी, ताबा यांपैकी कशासाठीही तुम्ही आमच्याकडे आला असाल आणि घरात अठरा वर्षांखालचं मूल असेल, तर हे शांतपणे वाचा. जमलं तर आजीआजोबांनाही वाचायला द्या.

हे कोर्ट वेगळं का

नवराबायकोची भांडणं इतर दिवाणी दाव्यांसारखी चालवू नयेत, असं विधी आयोगाने १९७४ मध्ये आपल्या ५९व्या अहवालात म्हटलं होतं. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा आला १९८४ मध्ये. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे ही न्यायालयं १९८९ साली सुरू झाली. आमची रोजची ये-जा पुण्याच्या शिवाजीनगरच्या कोर्टात असते, म्हणून इथलंच सांगतो.

पहिल्या तारखेला लोकांना दोन गोष्टींचं नवल वाटतं. एक म्हणजे इथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. १९८४ च्या त्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. तसा अर्ज आम्ही वकीलपत्रासोबतच देतो आणि परवानगी मिळतेही, पण साहेब किंवा मॅडम प्रश्न थेट तुम्हाला विचारू शकतात. उत्तरासाठी आमच्याकडे वळून पाहू नका, जे आहे ते सांगा. दुसरी गोष्ट पुराव्याची. कलम १४ मुळे, वाद मिटवायला उपयोगी पडेल असा कुठलाही अहवाल, जबाब किंवा कागद कोर्ट पाहू शकतं. एरवीच्या दाव्यात पुराव्याच्या कायद्यावर बोट ठेवून जे बाहेर राहिलं असतं, ते इथे आत येऊ शकतं. समुपदेशकांच्या अहवालाला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

तुमच्या कागदांवर पीए, पीडी, पीई, पीएफ अशी अक्षरं दिसतील. घटस्फोटाचा अर्ज पीए, मुलाच्या ताब्याचा आणि पालकत्वाचा पीडी, फौजदारी प्रक्रियेखालच्या पोटगीचा पीई (पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), आणि परस्पर संमतीचा पीएफ. एका घराचे दोन-तीन अर्ज एकाच वेळी चालू असू शकतात. कुठल्या तारखेला कुठला अर्ज आहे, हे आदल्या दिवशी आम्हाला विचारून घ्या.

समुपदेशकांची दोन कामं

सगळा घोळ इथे होतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

नोटीस बजावली गेली आणि दोघंही हजर झाले की प्रकरण आधी विवाह समुपदेशकांकडे जातं. समेटाचा प्रयत्न करणं हे कलम ९ नुसार कोर्टाचं कर्तव्यच आहे. समुपदेशक दोघांशी वेगवेगळं बोलतात, मग एकत्र बसवतात. तिथे तुम्ही जे बोलता ते गुप्त राहतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८८ च्या नियमांप्रमाणे ते बोलणं दोघांच्या संमतीशिवाय कोर्टापुढे ठेवता येत नाही, आणि समुपदेशकांना त्याबद्दल साक्षीलाही बोलावता येत नाही. समझोता झाला किंवा झाला नाही, एवढंच कोर्टाला कळतं. तेव्हा त्या खोलीत मन मोकळं करायला भिऊ नका. "परत नांदायला जावंसं वाटतं, पण सासूबाईंची भीती वाटते" हे वाक्य तिथे बोलायचं असतं. ते उद्या उलटतपासणीत तुमच्यावर कुणी फेकणार नाही.

दुसरं काम वेगळं. ताब्याचा वाद उभा राहिला की कोर्ट समुपदेशकांना सांगू शकतं : दोन्ही घरं पाहा, आईवडिलांचे स्वभाव पाहा, मुलाशी त्यांचं नातं कसं आहे ते पाहा आणि अहवाल द्या. पोटगी ठरवताना उत्पन्न आणि राहणीमान यांबद्दलही असा अहवाल मागवता येतो. तो गुप्त नसतो. तो न्यायाधीशांच्या टेबलावर जातो, कारण तो त्यांच्यासाठीच लिहिलेला असतो. मध्यस्थीतलं बोलणं गुप्त, मात्र मुलाच्या हिताबद्दलचा समुपदेशकांचा अहवाल कोर्ट पाहू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे.

समुपदेशक त्याच, खोलीही बहुतेक वेळा तीच, त्यामुळे लोकांची गल्लत होते. आज आपण समेटासाठी बसलो आहोत की अहवालासाठी, हे आत शिरतानाच विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

गृहभेट

समुपदेशक घरी येऊ शकतात, नातेवाइकांशी, ओळखीच्यांशी, शेजाऱ्यांशी बोलू शकतात, शाळेत चौकशी करू शकतात. याचे वेगळे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत. त्यांना चहा-पाणी विचारा, बाकी काही नको.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो, कारण त्यात चूक आमची होती. आई आमची पक्षकार, मुलगा सात वर्षांचा, मुक्काम आजोळी. गृहभेटीआधी आम्ही त्या ताईंना म्हणालो, मुलाची जागा जरा नीटनेटकी दिसू द्या. त्यांनी उसने पैसे काढून अभ्यासाचं नवं टेबल आणलं. समुपदेशक आल्या, टेबल पाहिलं आणि मुलाला सहज विचारलं, "तू अभ्यास कुठे करतोस रे?" तो त्यांचा हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. ओट्याखाली एक पाट होता. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या उंचीला तेलकट डाग पडला होता, टेकून टेकून. आजी भाजी निवडते तेव्हा मी इथे बसून पाढे म्हणतो, असं त्याने सांगितलं. अहवालात दोन्ही गोष्टी आल्या. टेबल नवीन दिसतं, असं एका ओळीत. आणि पाटाबद्दल, आजीबद्दल, रोजच्या वेळेबद्दल जवळजवळ पाऊण पान. त्या माउलीचं खरं बळ त्या पाटात होतं आणि आम्ही तिला टेबल आणायला लावलं. त्या दिवसापासून आम्ही कुणालाही घर सजवायला सांगत नाही.

मुलाला पढवण्याचं तर नावच काढू नका. सहा वर्षांचं पोर "पप्पांनी आईचा मानसिक छळ केला" असं म्हणालं, की ते शब्द कुणाचे हे समुपदेशकांना लगेच कळतं. त्याहून वाईट म्हणजे ते पोराला कळतं. दोन माणसांवर त्याचा जीव असतो आणि एकाच्या विरुद्ध पाठ केलेलं वाक्य त्याला परक्या माणसापुढे म्हणावं लागतं. रात्री ते अंथरुणात काय विचार करत असेल, हे आम्हाला पक्षकारांकडूनच नंतर कळलं आहे. गृहभेटीबद्दल त्याला एवढंच सांगा : "एक मावशी येणार आहेत, त्या तुझ्याशी गप्पा मारतील, तुला जे वाटतं ते सांग, कुणीही रागावणार नाही." आणि खरोखरच रागावू नका.

घर भाड्याचं आहे, एका खोलीचं आहे, संडास सामाईक आहे, म्हणून ताबा जाईल ही भीती मनातून काढा. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १७ आणि १९५६ च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याचं कलम १३ मुलाच्या हिताबद्दल बोलतात, खोल्यांच्या संख्येबद्दल नाही. पैसा कमी असेल तर त्यासाठी पोटगी आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, असं १९५६ च्या कायद्याचं कलम ६ म्हणतं, पण त्यातला "साधारणपणे" हा शब्द महत्त्वाचा आहे. आईनेही निर्धास्त राहू नये आणि बापानेही आशा सोडू नये.

मग पाहतात काय? मुलाला ताप आला की रात्री कोण जागतं. लसीकरणाचं कार्ड कुणाला चटकन सापडतं. वर्गशिक्षिकेचं नाव कोण न अडखळता सांगतं. घरात दारू, मारहाण, आरडाओरडा आहे का. आणि एक गोष्ट, जिच्याकडे आमचे बहुतेक पक्षकार दुर्लक्ष करतात : मुलासमोर तुम्ही दुसऱ्या पालकाबद्दल कसं बोलता. भेटीच्या दिवशी मुद्दाम मुलाला मामाकडे पाठवणं, फोन आला की "झोपलाय" म्हणून ठेवून देणं, हे सगळं अहवालात उतरतं. एकत्र राहणं शक्य नसेल तिथे मुलाला दुसऱ्या पालकाशी बोलता-भेटता यावं, त्यासाठी व्हिडिओ कॉलही असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. दुसऱ्या पालकाला दार उघडं ठेवणारी व्यक्ती कोर्टाच्या नजरेत वर जाते. हे आम्ही तुमचे वकील म्हणून सांगतो आहोत, आणि माणूस म्हणूनही.

अहवाल विरुद्ध आला तर

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. अहवाल म्हणजे निकाल नव्हे. न्यायाधीश तो इतर पुराव्यासोबत वाचतात, मूल समजतं असेल तर चेंबरमध्ये त्याच्याशी स्वतः बोलतात, आणि अहवालाशी असहमतही होऊ शकतात. तुमची वस्तुस्थितीची हरकत असेल तर आम्ही लेखी से (म्हणजे तुमचं लेखी म्हणणं) दाखल करतो. उदाहरणार्थ, भेट दुपारी झाली आणि तुम्ही कामावर होतात, किंवा ज्या शेजाऱ्याचं म्हणणं घेतलं त्याच्याशी तुमचा जुना वाद आहे. त्यासाठी अहवालाची नक्कल मिळाली की चार दिवसांच्या आत आमच्याकडे या आणि चुकीच्या ओळींवर पेन्सिलने खूण करून आणा. "सगळंच खोटं आहे" या वाक्यावर आम्हाला काही करता येत नाही. समुपदेशकांना फोन करून जाब विचारू नका, त्याची नोंद होते.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. मूल वाढतं, नोकरी बदलते, आजी जाते, नवं लग्न होतं. परिस्थिती बदलली की आदेश बदलून मागता येतो.

इतर अहवाल

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो घरगुती घटना अहवाल भरतात, तो वेगळा. त्यात घडलेल्या घटनांची नोंद असते, तारीखवार. तो भरताना जे आठवतं ते सगळं सांगा, लाज वाटली तरी. मूल बाल कल्याण समितीपुढे गेलं असेल, तर बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे सामाजिक तपासणी अहवाल होतो. कलम ३६ मध्ये त्यासाठी पंधरा दिवस दिले आहेत. तो अहवाल ताब्याच्या अहवालाला पर्याय नाही, पण कोर्टापुढे तो ठेवता येतो, म्हणून आमच्यापासून लपवू नका.

ज्या तालुक्यात कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात चालतो. गावाकडच्या पक्षकारांनी आधी फोन करावा, तुमचं कोर्ट कोणतं ते सांगू. जोडीदार अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असेल, तर तिथल्या कोर्टाचे आदेश आणि अहवाल जरूर आणा. इंग्लंडमध्ये बालक कायदा १९८९ च्या कलम ७ खाली आपल्यासारखाच कल्याण अहवाल मागवतात. मुलाला परस्पर एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे इथलं कोर्ट मुलाचं हित स्वतः तपासतं. याचा अर्थ मूल उचलून भारतात आणलं की प्रश्न मिटला, असा मात्र कुणी काढू नये. तसं करण्याआधी आमच्याशी बोला, नंतर नाही.

पहिल्या भेटीला येताना

लग्नाचं प्रमाणपत्र, नसेल तर पत्रिका आणि फोटो. मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, प्रगतिपुस्तक, दवाखान्याची फाइल. तुमच्या पगाराच्या तीन स्लिपा आणि बँकेचं पासबुक. पोटगीचा प्रश्न असेल तर उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तसं बंधनकारक केलं आहे. त्यात खोटं लिहिणार असाल तर प्रकरण आम्ही घेणार नाही. फी परवडत नसेल तर मोकळेपणाने सांगा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिथला अर्ज आम्ही भरून देऊ आणि त्याचे पैसे घेणार नाही.

मुलाला सोबत आणू नका. आमच्या ऑफिसात भिंती पातळ आहेत आणि मुलांचे कान तिखट असतात. ज्या दिवशी त्याच्याशी बोलण्याची खरोखर गरज पडेल, त्या दिवशी आम्ही तुम्हाला आधी कळवू, आणि त्या वेळी दुसरा कुठलाही पक्षकार बाहेर बसलेला नसेल.